रस्ता एक, राखणदार अनेक: शहराच्या वाहतुकीवर देखरेख कोणी ठेवायची?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आवाज येतोय ना सगळ्यांना? ठीक आहे, सुरू करू या.

मागच्या व्याख्यानानंतर धुळ्याच्या एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला होता. त्यांचं म्हणणं असं: शहरातले रस्ते, पूल, बस, पार्किंग, फेरीवाले, या सगळ्यावर इतक्या समित्या आणि इतकी कार्यालयं बसलेली आहेत की काम कुणाचंच होत नाही. त्यापेक्षा वाहतुकीसाठी एकच सल्लागार समिती नेमली आणि सगळं तिच्याकडे सोपवलं तर काय बिघडेल?

प्रश्न वेळेवर आला आहे. जळगाव आणि धुळे, दोन्ही महापालिकांची मुदत २०२३ मध्ये संपली. त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि सभागृहं पुन्हा भरली. म्हणजे कोणती समिती कशावर नजर ठेवणार, ही वाटणी आता नव्याने होणार आहे. एकदा ती झाली की पुढची पाच वर्षं आपण तिचे परिणाम भोगतो. म्हणून आज या एकाच प्रश्नावर बोलणार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. श्रोत्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण त्यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही. आजची वाटणी चुकीची आहे म्हणून वाटणीच नको, असं ठरत नाही. वाटणी कशी करायची ते शिकावं लागतं.

आधी आज काय आहे ते पाहू. समजा, जळगावातला एक रस्ता घेतला. महापालिका अधिनियमाप्रमाणे खर्चाला मंजुरी देणारी स्थायी समिती आहे, सोळा सदस्यांची. त्याच कायद्याच्या कलम ३० प्रमाणे महापालिका आपल्या सदस्यांमधून विशेष समित्या नेमू शकते. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असं ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितलं, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपली दोन्ही शहरं त्या रेषेच्या वर आहेत. रस्त्यात झाड आलं तर वृक्ष प्राधिकरण. कडेला भाजीवाली बसली तर २०१४ च्या कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समिती. रिक्षाच्या परवान्यासाठी प्रादेशिक परिवहन प्राधिकरण. अपघात झाले तर मोटार वाहन कायद्याखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. जिल्ह्याच्या निधीतून पैसा आणायचा तर जिल्हा नियोजन समिती, तिथे पालकमंत्री अध्यक्ष. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरण, आणि मध्ये रूळ आले तर रेल्वे.

मोजलंत का? मीही दोनदा मोजलं. (हशा)

आणि गंमत पाहा, ही वाटणी घटनेपासूनच सुरू होते. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या अठरा विषयांची यादी आहे. त्यात रस्ते आणि पूल आहेत. दिवाबत्ती, वाहनतळ आणि बसथांबे आहेत. पण त्या थांब्यावर येणारी बस? शहर वाहतूक असा विषय त्या यादीत नाही. थांबा महापालिकेचा, बस कुणाची ते ज्याने त्याने शोधावं!

आता माझीच एक गोष्ट सांगतो. कार्यालयांची नावं घेत नाही, कारण माझा राग त्या माणसांवर नाही. माझ्या घरापासून बँकेत जायला एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो. पूर्वी दुभाजकात मोकळी जागा होती. एके दिवशी ती बंद झाली. अपघात होतात म्हणून बंद केली, ते बरोबरच होतं. पण पुढची मोकळी जागा इतकी लांब, की सत्तरी ओलांडलेला माणूस उन्हात तिथवर जात नाही, तो दुभाजकावर चढतो. मीही चढलो. एकदा पाय घसरला, गुडघा फुटला, दीड महिना घरी बसलो. मग बसल्या बसल्या चार अर्ज केले.

पहिलं उत्तर आलं: दुभाजक आम्ही बांधला, पण जागा बंद करण्याची सूचना आमची नव्हती. दुसरं आलं: आम्ही सूचना केली ती वाहनांसाठी, पादचाऱ्यांची सोय आमच्या कक्षेत नाही. तिसऱ्याने लिहिलं: पादचारी मार्ग आखता येईल, पण रस्ता आमच्या ताब्यात नाही. चौथ्याने माझा अर्ज पहिल्याकडे पाठवून दिला.

मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. चारही उत्तरं मी ओळ-ओळ तपासली. त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं. प्रत्येक उत्तर खरं होतं, आणि चारही मिळून माझ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आपल्या न्यायदर्शनात अवयव आणि अवयवी असा भेद करतात. धागे म्हणजे कापड नाही. कापड धाग्यांतच असतं, पण ते धाग्यांहून वेगळं असतं. बौद्ध तार्किकांनी याला विरोध केला, आणि तो वाद शेकडो वर्षं चालला. आमच्या रस्त्याच्या बाबतीत मात्र मी न्यायवाल्यांच्या बाजूने आहे. खांब, गटार, दुभाजक, झाड या प्रत्येकाला कुणीतरी वाली आहे. त्या सगळ्यांत मिळून जो रस्ता असतो, ज्यावरून माणूस जातो, त्याला वाली नाही.

हे फक्त माझ्या गुडघ्यापुरतं नाही. जळगावकरांना शिवाजीनगरचा उड्डाणपूल आठवत असेल. जुना पूल २०१९ मध्ये पाडायला घेतला. नवा बांधायचा तर रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्हीकडचे पोहोचमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, मध्ये येणारे विजेचे खांब महावितरणचे, आणि खालचे रस्ते महापालिकेचे. खांब कोणी हलवायचे आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, यावर किती काळ गेला ते तुम्ही पाहिलं आहे. तोवर शिवाजीनगरच्या माणसाला गावात यायला लांबचा वळसा. तशीच अमृत योजनेची गोष्ट. जलवाहिन्या आणि भुयारी गटारी टाकायला रस्ते खोदले, आणि नवे रस्ते त्या कामांसाठी थांबून राहिले. पाणी एका टेबलावर, रस्ता दुसऱ्या टेबलावर, आणि धूळ सगळ्यांच्या घरात.

आणि महामार्ग! सुरत–नागपूर रस्ता, जुना क्रमांक सहा, आता त्रेपन्न. जळगाव शहराच्या मधोमध गेलेला. ट्रकसाठी तो राष्ट्रीय महामार्ग, शाळेच्या मुलासाठी घर आणि शाळा यांच्या मधली गल्ली. त्या रस्त्यावर माणसं गेली, म्हणून लोकांनी समांतर रस्त्यांसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. पुढे रुंदीकरण झालं, भुयारी मार्ग झाले, पाळधी ते तरसोद बाह्यवळणाचं काम हाती घेतलं गेलं. पण हा रस्ता शहराचा आहे की देशाचा, हा प्रश्न कोणत्या समितीसमोर ठेवायचा, हे आंदोलन करणाऱ्यांना कधी सांगता आलं नाही. म्हणून ते रस्त्यावर बसले. जागा नसलेली तक्रार शेवटी रस्त्यावरच बसते.

तर मग श्रोत्यांचं म्हणणं मान्य करावं का? एकच समिती?

थांबा. एकच नजर असली की काय होतं, हे आपण नुकतंच अनुभवलं आहे. प्रशासकाच्या काळात सभागृहाचे अधिकार आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच खुर्चीत आले होते. प्रस्ताव तिथूनच, मंजुरीही तिथूनच. समित्यांची भांडणं संपली, हे खरं. कामं भरभर झाली असंही काही जण म्हणतील. पण एखादं काम का घेतलं आणि दुसरं का सोडलं, हे विचारायला जागाच उरली नाही. कुणा अधिकाऱ्याला दोष देण्यासाठी हे सांगत नाही, माणूस कितीही सरळ असो. मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने एकच असू नये, हा साधा व्यवहार आहे. सोसायटीच्या हिशोबातसुद्धा आपण तो पाळतो.

दुसरं कारण धुळ्यात दिसतं. धुळं हे तीन महामार्गांचं गाव: मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर, आणि सोलापूरकडून येणारा. शहरातला जुना आग्रा रोड आज बाजारपेठ आहे. तिथे दुकानदाराला वाहनतळ हवा, रिक्षावाल्याला थांबा हवा, हातगाडीवाल्याला कोपरा हवा, आणि बाईला पोराचा हात धरून चालायला चार फूट हवेत. या मागण्या एकमेकींच्या विरोधात आहेत. कुणी वाईट आहे म्हणून त्या विरोधात गेलेल्या नाहीत. रस्त्याची रुंदीच तेवढी आहे. आता फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या असाव्यात आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिलांच्या, असं कायदा सांगतो. हे विषय तुम्ही एका मोठ्या वाहतूक समितीत विलीन केले, तर त्या भाजीवालीचा आवाज किती उरेल? वीस जणांत एक, तोही सल्लागार. भांडण मिटलेलं दिसेल, कारण भांडणारीच बाहेर राहिली. म्हणून मला समित्या अनेक हव्यात. मतभेद उघड दिसावा, यासाठी.

शिवाय एकत्रीकरणाचं जे मोठं औषध दिल्लीने सुचवलं, ते आपल्याला लागूही नव्हतं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात सगळ्या यंत्रणांसाठी एक एकत्रित प्राधिकरण असावं असं म्हटलं, ते दहा लाखांवरच्या शहरांसाठी. जळगाव, धुळे त्या हिशोबात बसत नाहीत. आपल्याला आपल्या मापाचा सदरा शिवायला हवा.

तो कसा शिवायचा? त्यासाठी युरोपात जायच्या आधी आपल्या पांझरेच्या काठी जाऊ.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. शेतकरी कुटुंबातल्या श्रोत्यांना हे नवं नाही. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग, म्हणजे फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, म्हणजे चांगल्या-वाईटात सगळे भागीदार. आणि देखरेख कशी वाटलेली? पाणी सोडायला पाटकरी. पिकाची राखण करायला जागल्या. कामं वेगळी, माणसं वेगळी. पण पाटकरी असं म्हणत नव्हता की या शेतकऱ्याचं पाणी माझं आणि त्या शेतकऱ्याचं दुसऱ्याचं. त्याचं काम सगळ्या फडभर होतं. आणि दोघांनाही मेहनताना देणारे आणि जाब विचारणारे तेच शेतकरी.

वाटणीचे दोन प्रकार इथे दिसतात. एक, वस्तूंची वाटणी: हा तुकडा तुझा, तो माझा. दुसरी, कामाची वाटणी: सगळं शेत सगळ्यांचं, पण तू पाणी बघ, मी राखण बघतो. भावाभावांत वाटण्या होतात तेव्हाही शेताचे तुकडे पडतात, पण शहाणी माणसं विहिरीचे तुकडे करत नाहीत, पाण्याच्या पाळ्या लावतात. आपण शहराच्या वाहतुकीत नेमकं उलट केलं. विहिरीचे तुकडे केले.

म्हणून माझी सूचना अशी आहे. समित्यांना वस्तू वाटू नका, प्रश्न वाटा. कोणत्याही वाहतूक प्रकल्पाला, मग तो पूल असो, चौक असो की बसमार्ग, चार प्रश्न विचारावे लागतात.

पहिला: हे हवं का? हा प्रभाग समितीचा प्रश्न. तिथे नगरसेवक असतातच, शिवाय त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे तीन जणांपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. त्या जागा शोभेच्या राहतात. त्या भरा.

दुसरा: यात कुणाचं काय जाईल? झाड जाईल, फेरीवाल्याची जागा जाईल, अपंग माणसाचा उतार जाईल. इथे वृक्ष प्राधिकरण, फेरीवाला समिती यांचं मत आराखडा पक्का होण्याच्या आधी घ्यायचं. आज ते बऱ्याचदा जेसीबी येऊन उभं राहिल्यावर आठवतं.

तिसरा: ठरलं तसं झालं का? हा प्रश्न पैसा मंजूर करणाऱ्या स्थायी समितीकडे ठेवू नका. कलम ३० खाली वेगळी विशेष समिती नेमा. निविदा मंजूर करणाऱ्यानेच खडी मोजायची नसते.

चौथा: वापरताना चालतंय का? काम संपल्यावर सहा महिन्यांनी. हा प्रश्न आपल्याकडे कुणीच विचारत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये एक साधी गोष्ट मांडली आहे: जेवण कसं झालं हे आचाऱ्यापेक्षा पाहुणा नीट सांगतो, आणि घर कसं आहे हे बांधणाऱ्यापेक्षा राहणारा. भुयारी मार्गात पावसाळ्यात पाणी साचतं का, रात्री दिवा असतो का, एकटी मुलगी तिथून जाते का, हे अभियंत्याच्या कागदावर येत नाही. तिथून रोज जाणाऱ्याला विचारावं लागतं.

यात एक सांधा आणखी हवा. प्रत्येक प्रकल्पाला पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत एक पालक समिती असावी. निर्णय तिने घ्यायचा नाही. तिचं काम एवढंच, की चारही प्रश्न विचारले गेले का हे बघणं, आणि नागरिकाचा अर्ज आला तर तो पुढे ढकलायचा नाही, उत्तर आणून द्यायचं. माझ्या चार अर्जांना एक पालक असता तर चारही पत्रं एकाच टेबलावर आली असती, आणि टेबलालाच लाज वाटली असती. (हशा)

आता 'सल्लागार' या शब्दाकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. सल्ला ऐकलाच पाहिजे असं बंधन नसतं, नसावं. निवडून आलेल्यांनी निर्णय घ्यावा. पण सल्ला न ऐकण्याचं कारण सांगण्याचं बंधन हवं. जॉन स्टुअर्ट मिल लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत आयुष्यभर नोकरी करत होता. हिंदुस्थानच्या कारभाराचा कागद तो रोज पाहायचा. १८६१ मध्ये प्रातिनिधिक शासनावर लिहिताना त्याने बेंथमचं म्हणणं घेतलं, की मंडळं म्हणजे पडदे असतात, मागे कोण आहे ते दिसत नाही. त्यावर त्याचा उपाय असा: निर्णय एकाने घ्यावा, सल्लागार अनेक असावेत, आणि प्रत्येकाने आपलं मत कारणांसकट लेखी नोंदवावं. हे त्याने हिंदुस्थानातल्या गव्हर्नरांच्या कौन्सिलांवरून घेतलं होतं. परकी सत्ता होती, तिचं कौतुक नको. पण आपल्याच मुलखावर राज्य करताना तिने पाळलेला लेखी कारणांचा नियम आपण स्वराज्यात का सोडावा?

आणि त्यासाठी नवा कायदा नको. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४, पोटकलम १ मधला खंड 'ड' वाचा. प्रशासकीय निर्णयांची कारणं बाधित व्यक्तींना द्यावीत, असं तिथे स्पष्ट आहे. महापालिकेने एक ठराव करून तीस दिवसांची मुदत स्वतःवर घालून घ्यावी: समितीचा सल्ला स्वीकारला तर तसं लिहा, नाकारला तर का ते लिहा, आणि दोन्ही लोकांना वाचता येईल असं लावा.

माझ्या सूचनेतल्या अडचणी मी लपवणार नाही. पहिली, समितीचं पद म्हणजे तिकीट न मिळालेल्याची सोय, हे आपण सगळे जाणतो. चार प्रश्न म्हणजे सोयीच्या चार जागा, असं होऊ शकतं. त्यावर माझ्याकडे रामबाण नाही. लेखी मत देणं सक्तीचं केलं तर निदान कोण वाचून येतो आणि कोण चहाला येतो, हे कळेल. दुसरी, रेल्वे आणि महामार्ग प्राधिकरण महापालिकेच्या समितीला बांधील नाहीत. खरं आहे. पण आज त्यांच्याकडे चार तोंडांनी चार पत्रं जातात. पालक समितीचं एक पत्र, चारही प्रश्नांसकट, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीसमोर गेलं तर ते टाळणं जड जाईल. तिसरी, वेळ लागेल. लागेल. पण खांब कुणाचा यात जो वेळ जातो, तो आपण मोजतच नाही.

हे सगळं आत्ताच का? कारण पुढची परीक्षा दारात आहे. २०२३ मध्ये केंद्राने तीन लाखांवरच्या शहरांसाठी ई-बस योजना जाहीर केली, दहा हजार बसगाड्यांची. चालवणाऱ्याला किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायची पद्धत आहे. आता विचार करा. बस रिकामी धावली तरी किलोमीटर भरतो. मार्ग कोणी ठरवायचे? थांब्यावर सावली कोणी द्यायची? किलोमीटर कोणी मोजायचे? शेवटची बस सिव्हिलवरून किती वाजता सुटते, हे कोणी विचारायचं? हे पुन्हा चार टेबलांवर वाटलं, तर बस येईल आणि प्रवासी उन्हात उभाच राहील. आणि सगळं एका समितीकडे दिलं, तर किलोमीटर भरल्याचा अहवाल येईल आणि सगळं छान चाललं आहे असं आपल्याला कळेल.

खानदेशाचीच १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली. जळगाव एकीकडे, धुळं दुसरीकडे. जिल्हे दोन झाले, पण बोली, नाती आणि रस्ता एकच राहिला. वाटणीने सगळं तुटतंच असं नाही, हे आपल्याला माहीत आहे.

एक काम देतो. तुमच्या घराजवळचा एकच रस्ता निवडा आणि हे चार प्रश्न त्याला लावा. प्रत्येकासमोर लिहा, आज याचं उत्तर कोण देतं. जिथे रकाना रिकामा राहील ते तुमच्या नगरसेवकाला दाखवा, समित्यांच्या नेमणुका होण्याच्या आत. माझा रकाना भरून तयार आहे. चौथा प्रश्न रिकामा आहे. दुभाजक अजून तसाच आहे, आणि मी आता बँकेत रिक्षाने जातो.

आता प्रश्न घेऊ या.